अप्पांसकट तेलगिरणी

मुनीम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं कानाला टाक लावलेला, पाठीत वाकलेला आणि मालकापेक्षाही चिक्कू असा माणूस उभा राहतो. पाठीत मी वाकलो आहे, बाकीचं खरं नाही. वह्या मी लिहिल्या, पण पोटापुरत्या. माझा खरा धंदा निराळा होता. त्याला नाव नव्हतं आणि नाव नसल्यामुळं त्यावर करही नव्हता. निजामाच्या अमदानीत, उस्मानाबाद जिल्ह्यात, कोणाला चालता कारखाना विकायचा किंवा घ्यायचा असला की किंमत जुळवायला मला बोलावत. (उस्मानाबाद हे कागदावर. सरकारनं नाव बदललं तरी बाजार धाराशिवच म्हणायचा.) जिनिंग झाल्या, तेलगिरण्या झाल्या, एकदा एक सोडावॉटरचा कारखाना झाला, ज्याचा मालक बाटली फुटली की दचकायचा आणि फुटली नाही की काळजीत पडायचा.

लोकांना वाटतं किंमत ठरवणं म्हणजे आकडा ठरवणं. आकड्याला वेळ लागत नाही. पहिला चहा संपायच्या आत दोघं रुमालाखाली हात घालत, बोटं दाबत, आकडा ठरून जाई. भांडण त्यानंतर सुरू होतं. कारण आकडा कशाचा ठरला, हे दोघांनाही ठाऊक नसतं.

घर विकलं तर भिंती जिथल्या तिथं राहतात. गिरणीचं तसं नाही. सकाळी शेंगा आत येतात, दुपारी त्यांचं तेल होतं, संध्याकाळी तेलाची उधारी होते. ज्या दिवशी बोटं दाबली त्या दिवशीची गिरणी एक आणि ज्या दिवशी किल्ली हातात पडली त्या दिवशीची दुसरी. मधले तीन-चार महिने सरकारी परवान्यात जायचे. मग पैसे कोणत्या गिरणीचे द्यायचे?

यावर दोन तोडगे होते. त्यांना आमच्यात नावं नव्हती. सांगण्यापुरती मी देतो: मोजणीची रीत आणि कुलपाची रीत.

मोजणीच्या रीतीत आवारात नेहमी इतका माल असतो असं धरून आधी कच्ची किंमत ठरते. किल्ली देण्याच्या दिवशी सगळं मोजायचं. नेहमीपेक्षा जास्त भरलं तर घेणाऱ्यानं वरचे पैसे द्यायचे, कमी भरलं तर विकणाऱ्यानं तेवढे सोडायचे. हे ऐकायला इतकं न्याय्य वाटतं की यात भांडण शिरणार कुठून, असं कोणीही म्हणेल.

धाराशिवातल्या एका जिनिंगमध्ये ते बकऱ्यांच्या तोंडून शिरलं. विकणारे सावकार हुशार होते. जास्त मालाला जास्त पैसे, हे कळल्याबरोबर त्यांनी मोजणीच्या आधी सगळ्या सोयऱ्यांकडून सरकी उसनी आणून आवारात डोंगर उभे केले. घेणारेही कच्चे नव्हते. आपल्याकडं माप घालताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, आणि पुढं 'दोन' येतं. घेणाऱ्याचा मापाडी म्हणाला, "लाभ हे देवाचं नाव. देवाचं नाव हिशेबात धरता व्हय?" आणि प्रत्येक ढिगाचं पहिलं माप देवाच्या खात्यावर ढकलू लागला. दोन्हीकडचे या धर्मचर्चेत गुंतले असताना मागच्या बाजूनं बकऱ्या आल्या आणि मोजून झालेला एक ढीग खाऊन गेल्या. गेल्या म्हणजे कुठं गेल्या नाहीत. पोट जड झाल्यामुळं तिथंच बसल्या.

खाल्लेली सरकी कोणाच्या नावावर? घेणाऱ्यांनी हैदराबादहून एक वकीलसाहेब आणले होते. शेरवानी, रुमी टोपी, पानदान, ते उचलायला एक नोकर. त्यांनी बकऱ्यांकडं बराच वेळ पाहिलं. विकणाऱ्याकडच्या कोणीतरी त्यांच्या पानदानाची तारीफ केली होती, म्हणून असेल किंवा तर्काच्या निखळ प्रेमानं असेल, पण त्यांनी आपल्याच अशिलाविरुद्ध निवाडा दिला. "सरकी बकरी के पेट में है. बकरी अहाते में है. लिहाजा सरकी अहाते में है." मग बकऱ्या माल म्हणून बांधून ठेवण्यात आल्या. त्यांची मालकीण आली आणि तिनं वकीलसाहेबांना जे सुनावलं त्याचं उर्दू भाषांतर मी केलं नाही.

त्यानंतर मी कुलपाच्या रीतीचा झालो.

कुलपाची रीत अशी. दिवाळीच्या पाडव्याला व्यापाऱ्याचं नवं साल लागतं, जुना ताळेबंद झालेला असतो. किंमत त्या ताळेबंदावर पक्की करायची आणि गिरणीला जणू त्याच दिवशी कुलूप लावायचं. गिरणी चालू राहते, विकणाराच चालवतो, पण पाडव्यापासूनचा नफा-तोटा घेणाऱ्याचा. शेवटी काही मोजायचं नाही, फक्त ठरलेली किंमत द्यायची. यात धोका एकच. किल्ली अजून विकणाऱ्याच्या कमरेला असते. त्यानं मधल्या काळात गिरणीतून काही घरी नेलं तर घेणाऱ्याच्या मालाला गळती लागली. म्हणून इकरारनाम्यात एक कलम घालायचंच: पाडव्यापासून कबजा देईपर्यंत विकणाऱ्यानं किंवा त्याच्या नात्यातल्या कोणी आवारातली कसलीही चीज बाहेर नेऊ नये. नेल्यास तिची किंमत सौद्यातून वजा.

बकऱ्या नाहीत, माप नाही, मापाडी नाही. मला वाटलं, आपल्याला मोक्षाची वाट सापडली. मग दुसरी मोठी लढाई संपायच्या सुमारास तेरच्या तेलगिरणीचा सौदा आला.

तेरला, तेरणा नदीच्या अलीकडं, शिवलिंगशेठची गिरणी होती. पत्र्याची शेड, इंजिनावर चालणारे घाणे आणि पुढं लांब दगडी ओटा. ती त्यांचे चुलते सिद्रामअप्पा यांनी बैलाच्या एका घाण्यावरून उभी केली होती. अप्पांना मूलबाळ नव्हतं, बायको कधीच गेली होती. इंजिन आल्यापासून त्यांना काम उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच एक शोधलं. ओट्यावर बसून ते तेल पारखायचे. मनगटावर थेंब टाकायचा, चोळायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे, मग मान डोलवायची. मान डोलली की गिऱ्हाईक डबा भरून घ्यायचं. नुसतं तेरच नाही, आसपासची खेडीही अप्पांच्या मानेवर तेल नेत.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. अप्पा दिवसभर तपकीर ओढत. ज्या नाकात एवढी तपकीर जाते तिथं करडईच्या वासाला जागा कुठं मिळत असेल, हे मला कधी उमगलं नाही. पण बाजारातली पत अशीच असते. ती कशावर उभी आहे हे वाकून बघायचं नसतं.

शिवलिंगशेठना बार्शीला दुकान टाकायचं होतं. इंग्रजी मुलूख, पोरांना चांगली शाळा. घेणारे धाराशिवचे हाजी करीमसाहेब, तेलाचे जुने व्यापारी, सरळ गृहस्थ. फक्त त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की कायद्याचं काम हैदराबादच्या माणसाकडूनच करून घ्यावं. त्यामुळं बकऱ्यांचा निवाडा करणारे वकीलसाहेब पुन्हा आले. या वेळी सोबत घडीचं टेबलही होतं.

रुमालाखाली बोटं दाबली गेली, आकडा ठरला. लगेच वाद. शिवलिंगशेठ म्हणाले, मी बार्शीला चाललो, मी कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, दाबले. हाजीसाहेब म्हणाले, मी निजामी मुलखात बसून निजामाचे हालीच दाबणार. साधारण सहा कलदारला सात हाली पडत, म्हणजे फरक थोडाथोडका नव्हता, आणि बोटांवर काही टांकसाळीचा छाप नसतो. अर्धे कलदार, अर्धे हाली असं मी मिटवलं. पुढचं गाडं व्याजावर अडलं. नफा पाडव्यापासून घेणाऱ्याचा आणि पैसे मात्र तो शिवरात्रीनंतर देणार, तर मधल्या महिन्यांचं व्याज विकणाऱ्याला मिळायला हवं. हाजीसाहेबांना व्याज देणं-घेणं वर्ज्य. रकमेला त्यांची हरकत नव्हती, शब्दाला होती. आम्ही त्या रकमेचं नाव 'इंजिनास पोशाख' असं ठेवलं. तेरच्या त्या इंजिनाला मिळालेला पोशाख एखाद्या जावयालाही मिळाला नसेल.

हाजीसाहेबांची आणखी एक अट रास्त होती. गिरणी घेतली आणि गिऱ्हाईक गेलं तर? म्हणून किमतीचा एक हिस्सा त्रयस्थ आडत्याकडं ठेवायचा. पुढच्या पाडव्यापर्यंत खप टिकला तर तो शिवलिंगशेठना मिळणार, घसरला तर त्यातून कापून हाजीसाहेबांना परत जाणार.

मग गळतीचं कलम. शिवलिंगशेठ म्हणाले, "सगळंच बंद केलं तर कसं? घरला तेल लागतं. महादेवाच्या समईला सोमवारचं तेल जातं, दर्ग्याला उरसाला जातं. गाईला पेंड लागती." बरोबर होतं. या गोष्टी चालतील, असं लिहिलं. सगळं आटोपल्यावर शेठना आठवलं, "आन काकांची तपकीर. ती गिरनीच्या खर्चात हाय. तेवढी राहू द्या." रक्कम हसण्यावारी नेण्यासारखी होती. हाजीसाहेब हसले, मी लिहिलं.

ही सगळी बोलणी ओट्यावर झाली. वकीलसाहेब एकेक कलम उर्दूत वाचत आणि मी त्याचं मराठीत सांगत असे. अप्पा तिथंच भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले. ते झोपलेत असं आम्ही सर्वांनी धरलं. गिरणी विकायची की नाही हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. कागदोपत्री ती पुतण्याच्या नावावर होती आणि अप्पा बार्शीला सोबत जाणार हे घरात गृहीत होतं. त्या ओट्यापलीकडं म्हाताऱ्याला जग नाही, बार्शीच्या माडीवर त्याला कोणी ओळखणार नाही, हे गावातली शेंबडी पोरंही जाणत होती. पण शेंबडी पोरं इकरारनाम्यात पक्षकार नसतात.

शिवरात्र झाली, परवाना आला, कबज्याचा दिवस उजाडला. आवारात तेल मुरून मुरून जमीन गुळगुळीत झालेली. वकीलसाहेबांचं टेबल काही केल्या स्थिर राहीना. नोकरानं एका पायाखाली पेंडीचा तुकडा सारला, तेव्हा वकीलसाहेबांनी ती पेंड कोणाच्या मालकीची, असं विचारून घेतलं आणि मगच बसले. बाहेर गाडी उभी होती. संसार भरून झाला होता, पुढच्या बाजूला अप्पांसाठी गादी टाकली होती. तेल न्यायला आलेली माणसं डबे घेऊन तमाशा बघत थांबली होती.

शिवलिंगशेठ ओट्याशी आले. "काका, चला. गाडी जुपलीया."

अप्पांनी डोळे उघडले नाहीत. "मला कसं न्हेतोस?"

"गाडीतनं."

"तसं न्हवं. पाडव्यापासनं आवारातली चीज भाईर काढायची न्हाय, असं कबूल केलंस न्हवं? पाडव्याला म्या हितंच हुतो. ह्याच दगडावर."

"काका, त्या चिजा निराळ्या. तुमी माणूस हाव."

"माणसाची तपकीर गिरनीच्या खर्चात कोन लावतं रं?"

शिवलिंगशेठ माझ्याकडं बघू लागले. मी टोपी सारखी केली. वकीलसाहेब मात्र खुर्चीवरून उठलेच. असा मुद्दा त्यांना हैदराबादच्या हायकोर्टातही मिळाला नसावा. "सुभानल्ला! बुजुर्ग ठीक फर्माते हैं. इंजन का तेल कारखाने के खर्चे में, बैल का चारा कारखाने के खर्चे में, बुजुर्ग की तपकीर भी कारखाने के खर्चे में. तो फिर इंजन, बैल और बुजुर्ग में फर्क क्या?"

"बैल दात दाखवतो, अप्पाला दात न्हायती," गर्दीतली एक म्हातारी म्हणाली. तिचा डबा रिकामा होता आणि ती घाईत नव्हती.

म्हातारबाबा इथंच राहणार असं दिसताच हाजीसाहेब सावध झाले. "मुनीमजी, मग हे खर्चाचं कलम झालं. दोन वेळचं जेवण, धोतरजोडी, तपकीर. आज आहेत ते आणखी किती वर्षं... अल्ला त्यांना उदंड आयुष्य देवो, पण जेवढं देईल तेवढं माझ्याच गळ्यात. किमतीतून वजा करा."

"वजा?" शिवलिंगशेठ उसळले. "उलट वर द्या! गिरनीत काय हाय दुसरं? इंजिन तुमी हैदराबादेस्नं दुसरं आणाल. हे नाक कुठनं आणाल? सगळा खप या नाकावर हाय."

"असं व्हय," ती म्हातारी मोठ्यानं म्हणाली. "मंजे चुलत्याला गिरनीसकट इकलं की. नाकाचे येगळे, अंगाचे येगळे."

गर्दी हसली. शिवलिंगशेठचा चेहरा उतरला. बार्शीला दुकान टाकणारा माणूस तेरच्या सोयरिकीतच पोरी देणार होता, आणि ही गोष्ट त्या दुकानाच्या आधी बार्शीला पोहोचली असती. त्यांनी एका क्षणात पवित्रा बदलला. "न्हाय, न्हाय. काकांना म्या घेऊन जानार. वजा करायचं तर करा. पर वजा करायला त्यांची किंमत काय? काय बी न्हाय! तपकिरीनं नाक कवाच बंद झालंय. घासलेट आन करडी यातला फरक कळत न्हाय त्यांना. मान अशीच हालती. वयानं हालती."

आता हाजीसाहेब उभे राहिले. आवारातून चीज जात असेल तर तिची भरपाई त्यांना मिळणार होती. "तौबा! शेठ, चुलत्याबद्दल असं बोलता? ते नाक अनमोल आहे. अर्धी किंमत त्या नाकाची आहे. न्यायचं तर न्या, पण अर्धे वजा करून न्या."

घटकाभरापूर्वी ज्याच्या जेवणाचा भार होत होता तो आता अर्धा कारखाना झाला होता, आणि ज्याच्यावर सगळा खप उभा होता त्याला घासलेटाचा वास येत नव्हता. माझ्या धंद्यात हे नेहमीचंच. कुठल्याही वस्तूची किंमत विचारण्याआधी विचारणारा ती घेतोय की देतोय हे बघावं लागतं. फक्त इतर वेळी ती वस्तू समोर बसून ऐकत नसते.

वकीलसाहेबांनी दोन पंच नेमून बुजुर्गांचं मूल्यांकन करावं असं सुचवलं. पंच आले असते तर त्यांनी अप्पांचे दात मोजले असते. मी म्हणालो, मी आकडा सांगतो, दोघांनी मानावा. शून्य लिहिलं तर म्हाताऱ्याचा अपमान, जास्त लिहिलं तर सौदा मोडणार. मी एक रुपया हाली असं लिहिलं. दोघांनी माना हलवल्या. म्हणजे आता शिवलिंगशेठनी किमतीतून एक रुपया सोडायचा आणि काकांना गाडीत बसवायचं.

तेवढ्यात अप्पा उठले. काठी घेतली, कोणाकडं न बघता ओटा उतरले आणि फाटकातून बाहेर पडले. गाडीकडं गेले नाहीत. रस्ता ओलांडून समोर नालबंद बसायचा, बैलांच्या खुरांना नाल ठोकायचा, त्याच्या चिंचेखाली जाऊन बसले.

पहिल्यांदा वकीलसाहेब बोलले. त्यांचा आवाज कातर झाला होता. "कलम के मुताबिक बेचनेवाले का रिश्तेदार कोई चीज बाहर न ले जाए. यहाँ रिश्तेदार भी वही, चीज भी वही. इसने खुद को खुद उठाया है." ते टेबलाच्या पेंडीकडं बघत राहिले. "इसकी नजीर नहीं मिलेगी."

नजीर, म्हणजे तसाच आधीचा निवाडा, मिळेपर्यंत किल्ली आणि पैसे माझ्याकडं ठेवायचे आणि गिरणी चालू ठेवायची, असं ठरलं. गाडी सुटली नाही. बैल सोडून त्यांना नालबंदासमोरच बांधलं.

खरी गंमत दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. गिऱ्हाईक आलं, ओटा रिकामा दिसला. तेल घेऊन ते रस्ता ओलांडून चिंचेखाली गेलं. अप्पांनी थेंब मनगटावर घेतला, चोळला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "आज नाक बंद हाय." गिऱ्हाईक तेल परत करून रिकाम्या डब्यानं घरी गेलं. दुसऱ्यालाही तेच. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून माणसं आली, अप्पांच्या नाकाची चौकशी करून निघून गेली. कोणी ओवा आणून दिला, कोणी निलगिरीचं तेल. नाक उघडलं नाही. तपकीर मात्र त्यात पहिल्यासारखीच जात होती, ती आता नालबंद पुरवत होता. आम्ही ताटकळत होतो फाटकापाशी: हाजीसाहेब, कारण गळती तर राहिलीच, इथं खपाचं धरणच फुटलं होतं, शिवलिंगशेठ, कारण खप घसरला तर आडत्याकडची रक्कम गेली, आणि वकीलसाहेब, कारण त्यांना रोजचा भत्ता ठरला होता.

शेवटी दोघं माझ्याकडं आले. हाजीसाहेब म्हणाले, "मुनीमजी, कलम बदला. काहीतरी लिहा."

"काय लिहू?"

"अप्पांनी ओट्यावर बसावं असं लिहा."

"त्यांची सही लागेल."

"मग घ्या की त्यांची सही," शिवलिंगशेठ म्हणाले.

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

पाडव्यापासून शिवरात्रीपर्यंत सगळ्यांनी सगळ्यांना सगळं विचारलं होतं. इंजिनाला पोशाख काय रंगाचा, इथपर्यंत बोलणं झालं होतं. हे एक विचारायचं राहून गेलं होतं.

आम्ही रस्ता ओलांडला. मागून वकीलसाहेब आले, त्यांच्यामागून नोकर टेबल घेऊन आला. नालबंदानं हातातला खूर तसाच धरून ठेवला. बैलही थांबला.

शिवलिंगशेठ खाली धुळीत बसले. "काका, चुकलं. आदी तुमाला इचारायला पायजे हुतं."

"काय इचारायला?"

"हेच... काय करू, म्हनून."

"आता सगळं करून झाल्यावर काय करू म्हनून इचारतोस व्हय?" अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "मुनीम, माझी किंमत किती लावली तुमी?"

"एक रुपाया, अप्पा."

"हाली का कलदार?"

"हाली."

अप्पांचा चेहरा पडला. "कलदार लावायची हुती. एवढी वर्सं झाली..." मग त्यांनी कमरेची चंची सोडली. "बरं, ऱ्हाऊ द्या. हालीच बरी. घेनार म्याच हाय."

त्यांनी एक रुपया काढला, उपरण्याला पुसला आणि मधोमध धरला. कोणाच्या हातावर ठेवायचा ते त्यांना कळेना. आम्हालाही कळेना. वकीलसाहेबांनी निकाल दिला. पाडव्यापासून आवारातलं सगळं हाजीसाहेबांचं, तेव्हा रुपया हाजीसाहेबांचा. त्या सौद्यात त्यांनी सांगितलेली ही एकच गोष्ट मला पहिल्या फटक्यात पटली. हाजीसाहेबांनी दोन्ही हातांनी रुपया घेतला. काय म्हणावं हे त्यांना सुचेना, म्हणून ते "शुक्रिया" म्हणाले. मी तिथंच पावती लिहिली: सिद्रामअप्पा, तपशील सिद्रामअप्पा, रुपया एक हाली, पोहोचला. टेबल या वेळी स्थिर होतं, रस्त्यावरची जमीन कोरडी होती.

पावती चंचीत घालून अप्पा उठले. शिवलिंगशेठ म्हणाले, "काका, आता तरी चला. गादी टाकलीया."

"तू जा. पोरांना शिकीव. दिवाळीला ये." अप्पांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला. "म्या आता गिरनीचा न्हाय आन तुजा बी न्हाय. माझा माझा हाय. पावती हाय माज्याजवळ."

आणि ते रस्ता ओलांडून सरळ गिरणीच्या फाटकातून आत गेले.

वकीलसाहेब धावले. "अरे मगर, अब ये किस हैसियत से अंदर जा रहे हैं? माल नहीं, मालिक नहीं, रिश्तेदार का भी कारखाना नहीं!"

अप्पा ओट्यावर चढून बसलेही होते. त्यांनी काठी बाजूला ठेवली. "गिऱ्हाईक हाय म्या. तुमच्या हैदराबादेत गिऱ्हाइकाला ओट्यावरनं उठवत्यात का?"

हाजीसाहेबांचा सगळा जन्म दुकानात गेलेला. त्यांनी वकिलांकडं बघितलंही नाही. स्वतः आत जाऊन सतरंजी आणली, झटकली, अप्पांच्या बाजूला पसरली. आजवर 'शेठ' हा शब्द त्या घरात पुतण्यासाठी होता.

"या शेठ, ऐसपैस बसा. काय देऊ?"

अप्पांनी घाण्याकडं बघितलं, डब्यांच्या रांगेकडं बघितलं, फाटकात पुन्हा जमू लागलेल्या माणसांकडं बघितलं.

"आजून ठरलं न्हाय," ते म्हणाले.

ते ठरवायला त्यांना पुढं बरीच वर्षं लागली. निजाम गेला, हाली शिक्का गेला, गिरणी हाजीसाहेबांच्या मुलाकडं आली. मी कधी तेरला गेलो तर गिऱ्हाईक मनगटावर थेंब चोळत ओट्यावर बसलेलं असायचं आणि त्याचं अजून ठरत असायचं.